हाकेला ओ

८ नोव्हेंबर

मोठ्या बाई म्हणाल्या, नव्या शिक्षिकेने रोज चार ओळी लिहाव्यात, म्हणजे फळ्यावरचं अक्षर आणि डोक्यातले विचार दोन्ही सरळ राहतात. म्हणून ही वही. कव्हरवर माझं नाव शाईने घातलं आहे. आमच्या घरात स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने वहीवर घालणारी मी पहिलीच, त्यामुळे ते जरा मोठंच झालं.

आज जेवताना बाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि कोणाकडेही न बघता विचारलं, "मग? नाव कोणाचं?"

दादा ताटात बोट फिरवत राहिला. वहिनी काहीतरी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि काहीच न आणता परत आली. आई म्हणाली, "अजून नव्या होडीचा सांगाडा तरी उभा राहू दे."

मोठ्या बाई असंही म्हणतात की वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं समजून लिहावं. तर लिहिते. आमच्याकडे नव्या होडीला घरातल्या बाईचं नाव देतात. पण एवढ्यावर भागत नाही. होडी पाण्यात उतरली की त्या दिवसापासून त्या बाईला जमिनीवर कोणी त्या नावाने हाक मारायची नाही. मारली तर होडी ऐकते आणि जाळं अर्धं टाकून घराकडे तोंड फिरवते. नावाचं एक टोक बाईच्या हातात आणि दुसरं होडीच्या, असं आजोबा म्हणायचे, म्हणून तर ती परत येते. फक्त धुकं पडलं तर किनाऱ्यावरून होडीला नाव घेऊन बोलवायचं. आणि होडी म्हातारी झाली की तोडण्याआधी बाईला पाण्याच्या काठाशी उभं करायचं आणि तिच्या नावाने हाक मारायची. तिने ओ दिली की नाव सुटलं. मग खुशाल कुऱ्हाड घालावी.

आईचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. पाहिलेलं मात्र रोज आहे, जुन्या होडीच्या कडेला, निळ्या रंगात. अक्षरओळख झाल्यावर मी सगळ्यात आधी वाचलेला शब्द तो. मोठ्याने वाचला म्हणून थोबाडीतही खाल्ली होती.

हे सगळं मला पटतं का? नाही. शिकलेल्या माणसाला पटूही नये. पण बाबांनी विचारलं तेव्हा घास माझ्याही हातात थांबला होता, हे लिहिलं नाही तर ही वही खोटी ठरेल.

११ नोव्हेंबर

वहिनीला दिवस गेले आहेत. आज भांडी विसळताना ती एकदम म्हणाली, "माहेराहून मी आणलं काय, सांग. दोन पातेली, एक पेटी आणि एक नाव. पातेली तुझ्या आत्याने करपवली. पेटीत तुझ्या दादाने जाळी भरली. आता नावही पाण्यात टाकू?" बोलताना हसत होती, पण हात थांबले होते. मग हळूच म्हणाली, "माझ्या पोरानं कधीतरी विचारलं, आई तुझं नाव काय, तर मी काय बोट दाखवू समुद्राकडे?"

मला तिचं म्हणणं पटलं. जेवताना मी धीर करून बोलले. म्हटलं, नाव माणसाचंच कशाला? चांदणी ठेवा. झुळूक ठेवा.

दादाला ठसका लागला. "मास्तरीणबाई, होडी आहे ती, कविता नाही. झुळूक म्हणे! समोरून वादळ आलं तर लाजून आडवी होईल."

सगळे हसले, आत्यासुद्धा. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "कोणाचंच नसलेलं नाव दिलं, तर ती परत कोणासाठी येईल?"

विज्ञानाच्या पुस्तकात होकायंत्रावर एक अख्खं पान आहे. ते सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. पाण्यावर ते आणि दादा जाणार आहेत, मी नाही.

१६ नोव्हेंबर

आत्याबद्दल लिहायला हवं. ती बाबांची थोरली बहीण. तिचं नाव आजोबांच्या होडीला होतं. ती होडी, आजोबा आणि दोन काका एका सकाळी गेले ते गेले. होडीच आली नाही, मग नाव कुठून येणार? आत्याला कोणी हाक मारत नाही. बोलवायचं असेल तर खांद्याला हात लावतो. लहानपणी मला वाटायचं ती बहिरी आहे. बहिरी मुळीच नाही. भिंतीपलीकडे कोण काय बोललं ते तिला आमच्याआधी कळतं. स्वभावाने गमतीशीर आहे. दादाच्या लग्नात सगळ्यात जास्त तीच नाचली होती.

फक्त ती बसते तिथली फरशी ओली होते. गवंड्याला दोनदा दाखवलं. तो म्हणाला, खालून ओल येते. तिला खिडकीजवळ बसवलं, तर तिथे येऊ लागली. जुनी घरं अशीच असतात. तिचे कपडे आई रोज वाळत घालते, आणि वाळल्यावर झटकले की मिठाचा बारीक भुगा पडतो.

२२ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर होडीच्या कामावर गेले. सुतारकाकांनी सांगाडा उभा केला आहे. बरगड्या दिसाव्यात तसा दिसतो. ताज्या लाकडाचा वास इतका छान की मी उगाचच दोन फेऱ्या मारल्या.

पलीकडे जुनी होडी अर्धी तोडून झाली होती. मला धक्काच बसला. आई तर मामाकडे गेली आहे, ती रविवारी येणार. मी बाबांना विचारलं, "आधी हाक मारायची होती ना?"

बाबा जरा वरमले. "आज चार माणसं रिकामी मिळाली. उद्यापासून ती दुसरीकडे जाणार. रविवारी मारू की हाक. नाव काय पळून जातंय?"

सुतारकाका खुशीत होते. जुन्या होडीचं लाकूड बहुतेक कुजलं होतं, पण एक फळी त्यांना अशी मिळाली की पटाशीने वाजवली तर घंटेसारखी वाजत होती. "असं लाकूड हल्ली मिळत नाही. नव्या होडीच्या पोटात बसवतो, तळाशी. बघाल, ही शंभर वर्षं हलणार नाही." बाबाही खूश झाले. चांगली वस्तू टाकवत नाही आमच्यात कोणालाच. काकांनी फळी उलटी केली आणि रंधा मारायला घेतला. खालच्या बाजूचा निळा रंग तसाच ठेवला. म्हणाले, "ती बाजू आत जाईल. कोण बघतंय?"

२५ नोव्हेंबर

आज आईला हाक मारली.

आम्ही सगळे काठाशी गेलो. आई नवी चप्पल घालून आली होती आणि नवरीसारखी लाजत होती. वाटेत म्हणाली, "इतक्या वर्षांनी कसं वाटेल गं? मला आठवत पण नाही ते माझ्या अंगावर कसं बसायचं." घरातले कर्ते म्हणून हाक बाबांनी मारायची. त्यांनी घसा साफ केला आणि मारली.

आई समुद्राकडे बघत होती.

त्यांनी परत मारली. आईने वळून मागे पाहिलं. मागे कोण आहे ते बघायला. मग आमच्याकडे बघून हसली. म्हणाली, "कोणाला बोलावताय? मारा ना माझी हाक. पाय भिजताहेत माझे."

तिसऱ्यांदा मारताना बाबांचा आवाज फुटला. आई नुसतीच वाट बघत उभी.

दादा म्हणाला, "वारा आहे. ऐकू गेलं नसेल." वारा नव्हता. हे मी लिहून ठेवते, कारण दादा उद्यापर्यंत वारा होता असंच म्हणू लागेल.

३० नोव्हेंबर

आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यंत्र लावलं, घड्याळ कानाशी धरलं, मागे उभं राहून कुजबुजले. आईने प्रत्येक शब्द बरोबर सांगितला. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यापेक्षा यांचे कान चांगले आहेत." पैसे घेताना त्यांनी आईला नाव विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी लिहून दिलं. तिने कागद हातात घेऊन बघितला. ती वाचू शकत नाही, तरी बराच वेळ बघितला. म्हणाली, "छान आहे. कोणाचं?"

परत येताना मी स्वतःला समजावलं की इतकी वर्षं न वापरलेली गोष्ट माणूस विसरतो. मी पाढे विसरले नाही का?

स्वयंपाकघरात आई बसते तिथेही आता ओल येऊ लागली आहे. गवंडी म्हणतो, अख्खा तळच काढायला हवा.

४ डिसेंबर

मी माझं नाव दिलं.

कसं दिलं ते खरं लिहायचं तर, मोठेपणाने दिलं नाही. वहिनी दुपारभर रडत होती आणि दादा तिच्यावर ओरडला. "मग आम्ही बेनाव होडी घेऊन जाऊ? मरू तिकडेच?" वहिनीने पोटावर हात ठेवला. मला ते बघवेना. आणि माझी फी, माझी पुस्तकं, शाळेत जायला घेतलेले बूट, हे सगळं त्या निळ्या अक्षरांच्या होडीनेच आणलं होतं. आईच्या नावावर मी शिकले आणि माझं मात्र कव्हरवर ठेवू? शिवाय मनात हेही होतं की बाबा माझ्याकडे एकदा कौतुकाने बघतील. बघितलं. डोक्यावर हात ठेवला.

मग दादा म्हणाला, "शाळेत म्हणू दे की तिचं नाव. तिथून काय ऐकू जातंय?"

"जमीन ती जमीन," बाबा म्हणाले.

म्हणजे मोठ्या बाईंना सांगायला हवं. काय सांगू? की उद्यापासून मला हाक मारू नका? शाळेच्या दारावरच्या पाटीवर शिक्षकांची नावं आहेत, त्यात शेवटचं माझं. येता-जाता मी ते चोरून वाचते. आमच्या घरातलं, भिंतीवर चढलेलं पहिलं नाव. होडीच्या कडेला चढलेली सोडून.

आईला विचारलं, "मी बरोबर केलं ना?" ती विचारात पडली. म्हणाली, "मला कोणीतरी असंच विचारलं होतं. की मीच विचारलं होतं कोणाला..." मग उठून दूध बघायला गेली.

१९ डिसेंबर

रंगारी आला. त्याला रंग येतो, अक्षर येत नाही. म्हणून खडूने मी लिहायचं आणि त्याने भरायचं. रोज फळ्यावर लिहिते तसंच लिहिलं, पण गुडघ्यावर बसून. पहिलं अक्षर घातलं तेव्हा फळी कोमट लागली. ऊन होतं.

रंगाऱ्याने पहिलं अक्षर भरलं आणि मागे सरून बघितलं. "झ्याक! बाई, तुमचं नाव काय?"

मी समोर बोट दाखवलं.

"अरे वा! म्हणजे तुम्ही इथेही आणि तिथेही." त्याला आपला विनोद फार आवडला. दिवसभर तो तेच म्हणत होता.

मी मुद्दाम शेवटच्या अक्षरापर्यंत थांबले. आपलं नाव कोणी दुसरं भरतंय, आणि आपण बघतोय. वाईट वाटेल असं वाटलं होतं. पोहून बाहेर आल्यावर अंग हलकं वाटतं तसं वाटलं. मला पोहता येत नाही, त्यामुळे ही उपमा चूक आहे.

२२ डिसेंबर

होडी पाण्यात उतरली. इतकी सहज की सुतारकाकाही बघत राहिले. ओढायला माणसं आणली होती, पण जरा हात लावताच ती आपणहून घसरली. बाबा आणि दादा तिला घेऊन गेले आणि भरून आले. वहिनीने मला मिठी मारली आणि माझ्या कानात काहीतरी म्हणणार होती, पण थबकली. हसून म्हणाली, "आता तुला काय म्हणू?"

"मास्तरीण म्हण. दादा म्हणतोच."

३ जानेवारी

मोठ्या बाईंना सांगायचं राहूनच गेलं आहे. रोज ठरवते आणि रोज लाज वाटते. पण एक चमत्कारिक गोष्ट आहे. सांगायची गरजच पडत नाही.

आज मधल्या सुट्टीत मी पटांगणाच्या कठड्याशी उभी होते. भरती लागली होती. मोठ्या बाई म्हणे व्हरांड्यातून कितीतरी वेळा हाक मारत होत्या, मुलंही माझ्याकडे बोट दाखवत होती. शेवटी त्यांनी येऊन खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं. "तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "थंडी आहे." त्यांनी स्वतःच्या अंगावरची शाल दिली. चांगल्या आहेत फार.

गणिताच्या बाई मला हल्ली "अहो" म्हणतात. त्या सगळ्यांनाच म्हणत असतील.

वर्गातली माझी खुर्ची पुसून घ्यावी लागली. शिपाईमामा वर छताकडे बघत राहिले. पाऊस नाही, नळ नाही. "येतं कुठून बाई हे पाणी?" मी म्हटलं, जुनी इमारत आहे.

९ जानेवारी

वहिनी खोली झाडायला आली होती. वही उचलून म्हणाली, "तुझ्या वहीवर होडीचं नाव कशाला घातलंस?"

मी पाहिलं. खरंच, मोठ्या शाईच्या अक्षरात होडीचं नाव. मला आठवेना केव्हा घातलं. उत्साहाच्या भरात घातलं असेल. अक्षर माझंच आहे, वळण ओळखू येतं.

वहिनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने झाडू ठेवला आणि माझे हात हातात घेतले. म्हणाली, "किती गार!"

१७ जानेवारी

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या तासाला धुकं आलं. वर्गाच्या खिडकीतून आधी समुद्र गेला, मग रस्ता, मग पटांगणातलं झाड. मुलं आनंदाने ओरडत होती. बाबा आणि दादा पहाटेच गेले होते. मी वर्ग गणिताच्या बाईंकडे दिला आणि पळाले.

काठावर आई, आत्या आणि वहिनी आधीच आल्या होत्या. चार पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. इंजिनाचा आवाज येत होता, आमच्याच होडीचा, मी ओळखते. जवळ यायचा, मग लांब जायचा. मग परत जवळ. होडी गोल फिरत होती, आणि प्रत्येक फेरीला जरा उजवीकडे सरकत होती. उजवीकडे खडक आहेत.

वहिनी हाक मारत होती. एक हात तोंडाशी धरून, दुसऱ्याने पोट सांभाळत, ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. ती एकच नाव पुन्हा पुन्हा मारत होती. माझ्या मनात आलं, किती सुंदर नाव आहे, कोणाचं असेल? आणि तसं वाटलं म्हणून मला स्वतःचीच भीती वाटली. पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता.

खांद्यावर हात पडला. आत्या होती.

"ती एकीलाच बोलावतेय," आत्या म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी. "त्यात दोघी आहेत. एक वळते, दुसरी तिला धरून ठेवते. दुसरीला कोण बोलावणार?"

"तुला कसं माहीत?"

"मला नाही तर कोणाला? मी दिवसभर कुठे असते?"

तेव्हा मला सुतारकाकांची फळी आठवली. घंटेसारखी वाजणारी. निळी बाजू आत.

आईचं नाव माझ्या तोंडून आयुष्यात एकदाच निघालं होतं आणि त्याची थोबाडीत अजून गालावर आहे. कोणी मुलगी आईला नावाने हाक मारते का? जीभ उचलेना. इंजिन खडकाच्या बाजूला गेलं आणि तिथून दादाचा आवाज आला, शब्द नाही, नुसता आवाज. मग मी मारली. जिवाच्या आकांताने आईच्या नावाने हाक मारली.

"ओ," असं उत्तर आलं.

धुक्यातून आलं. लांबलेलं, थोडं वैतागलेलं, हातातलं काम अर्धं सोडून दिलेलं. मी शाळेतून आल्यावर दारातून "आई" म्हणायचे, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या तिच्याकडून यायचं तसंच. आई माझ्या शेजारी उभी होती. तिचं तोंड मिटलेलं होतं. मी तिच्या ओठांकडेच बघत होते.

आईने माझा दंड धरला. "कोण गं ती?" तिने विचारलं. "किती ओळखीचा आवाज."

मी परत हाक मारली, वहिनीने दुसरी मारली, आळीपाळीने. इंजिनाचा आवाज सरळ झाला. मग होडीचं टोक धुक्यातून बाहेर आलं, बाबा सुकाणू धरून नुसते उभे होते. दादा नंतर म्हणाला की सुकाणू दगडासारखं अडकलं होतं आणि एकदम कोणीतरी सोडल्यासारखं सुटलं. तो वाळूवर बसून लहान मुलासारखा रडला. चेष्टा करायला कोणालाच सुचलं नाही.

२० जानेवारी

मी बाबांना फळीबद्दल सांगितलं. त्यांनी सुतारकाकांना बोलावलं. काका कपाळावर हात मारून बसले. "तळाची फळी काढायची म्हणजे पोट फाडायचं. किती दिवस काठावर पडेल, सांगता येत नाही. हंगाम जाईल."

"जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे? नवी होडी आहे."

"बायको जुनी आहे," बाबा म्हणाले. "उलटी करा तिला."

२८ जानेवारी

फळी निघाली. निळा रंग ओला होता, कालच दिल्यासारखा. आईच्या पायाशी ठेवली. बाबांना यावेळी सगळ्यांसमोर हाक मारायला लाज वाटत होती. दादा म्हणाला, "आम्ही पाठ फिरवतो, चला रे," आणि आम्ही सगळे पाठ फिरवून उभे राहिलो. बाबांनी हाक मारली, अगदी हळू, घरातल्या घरात मारावी तशी.

"ओ! ओरडताय काय? चुलीवर दूध ठेवून आलेय मी."

आम्ही वळलो. आई स्वतःच चकित झाली होती. दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. मग हसायला लागली. बाबांनी परत मारली, तिने परत ओ दिली. मग वहिनीने, मग दादाने, मग सुतारकाकांनीसुद्धा, उगाच, गंमत म्हणून. आई प्रत्येक हाकेला ओ देत होती. दूध उतू गेलं ते कोणालाच आठवलं नाही. रात्री पाहिलं तर ती बसली होती तिथली फरशी कोरडी ठणठणीत होती.

आत्याने टाळ्या वाजवल्या. मग ती एकटीच पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि बराच वेळ कान देऊन उभी राहिली. मी जाऊन तिच्या खांद्याला हात लावला.

२१ फेब्रुवारी

नवी फळी बसली. होडी आज परत बाहेर गेली. भरून येईल. मला आतूनच कळतं हल्ली. डाव्या अंगाला वारा लागतो आहे.

शाळेतून आले तर आई उंबऱ्यात बसली होती. उंबऱ्यापासून माझ्या खोलीपर्यंत ओली पावलं उमटली होती. तिने ती पाहिली, मग माझ्या पायांकडे पाहिलं. उठून आली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे हात आता छान उबदार असतात. तिने हाक मारायला तोंड उघडलं.

आणि मिटलं. होडी बाहेर होती.

"एक होडी किती वर्षं टिकते गं?" तिने विचारलं.

म्हटलं, "काळजी करू नकोस. सुतारकाका म्हणतात, लाकूड फार चांगलं आहे. खूप टिकेल."

आई रडायला लागली. मी तिला थोपटलं. इतक्या वर्षांनी नाव परत मिळालं आहे, माणसाला भरून येणारच.

२५ फेब्रुवारी

आज शाळेत मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षकांची हजेरी घेतली. वरून तपासणीला कोणी येणार आहे, म्हणून. मुलांसारखं आम्हालाही "हजर" म्हणायचं होतं. सगळ्यांना हसू येत होतं.

शेवटच्या नावाला कोणीच काही म्हणालं नाही. मोठ्या बाईंनी परत घेतलं. मीही इकडेतिकडे पाहिलं, कोण राहिलं ते बघायला. गणिताच्या बाई माझ्याकडे बघत होत्या, का ते कळलं नाही.

मोठ्या बाईंनी तिसऱ्यांदा नाव घेतलं, जरा मोठ्याने. खिडकी उघडी होती. लांबून, अगदी पाण्याच्या रेषेवरून, कोणीतरी ओ दिली. तरुण आवाज होता. आनंदी वाटला.

मोठ्या बाईंनी मान खाली घातली आणि खूण केली.

बरं झालं. मला उगाच काळजी लागली होती की ती बिचारी राहून जाते की काय.